ओवीतला ख्रिस्त, अभंगातली माउली

हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातले गाव. या भागातल्या माणसाला ओवी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जात्यावरच्या गाण्यांतून, श्रावणात लावलेल्या पोथीतून, सप्ताहातल्या ज्ञानेश्वरीच्या पारायणातून ती लहानपणीच कानात बसते. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. वाचणारा चौथ्या चरणावर थांबतो आणि अर्थ सांगणारा तिथून पुढे बोलू लागतो. मराठीने देवाविषयी जे मोठे बोलून ठेवले आहे, त्यातले पुष्कळसे या लहानशा रचनेत मावलेले आहे.

चारशे वर्षांपूर्वी याच ओवीत येशू ख्रिस्ताचे पुराण लिहिले गेले. लिहिणारे इंग्रज होते, छापखाना गोव्यातला होता आणि ग्रंथाचे नाव होते ‘क्रिस्तपुराण’. एकूण ओव्या १०,९६२. ज्ञानेश्वरीपेक्षा हा ग्रंथ जवळजवळ दोन हजार ओव्यांनी मोठा आहे.

मराठी वाचकाला फादर थॉमस स्टीफन्स हे नाव बहुधा शाळेतच भेटते. परदेशातून आलेल्या एका पाद्र्याने मराठीला फुलांतली मोगरी, सुगंधांतली कस्तुरी आणि पक्ष्यांतला मोर म्हटले, एवढे लक्षात राहते आणि ओळख तिथेच थांबते. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या मोजक्या ओव्यांच्या झगमगाटात बाकीचा ग्रंथ दिसेनासा झाला, ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. कारण त्या उरलेल्या दहा हजारांवर ओव्यांत एक फार अवघड काम चालले आहे. त्रैक्य, अवतार, पाप, कृपा, क्रूसावरचे मरण हा सगळा ख्रिस्ती धर्मविचार, जो युरोपात लॅटिनमध्ये विचार करणाऱ्या पंडितांनी शतकानुशतके घडवला होता, तो तिथे पोथी ऐकणाऱ्या माणसाच्या कानाला पटेल अशा रीतीने कथेत आणि कवितेत उतरतो आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक असणे जिवावर बेतण्यासारखे होते. ते रोमला गेले, १५७५ साली कॅथलिक धर्मगुरूंच्या जेझुइट संघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, त्यांचे काम मुख्यतः दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत चालले. माणूस कानाचा तिखट होता. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवून ठेवले आहे की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी हीच गोष्ट जगाला पटवून दिली ती त्यानंतर दोन शतकांनी. कोकणीचे व्याकरणही स्टीफन्स यांनीच लिहिले. ते त्यांच्या पश्चात १६४० साली सासष्टीतल्याच राचोलला छापले गेले.

‘क्रिस्तपुराण’ छापले गेले १६१६ साली, तेही राचोललाच आणि रोमन लिपीत. ते देवनागरीत यावे म्हणून स्टीफन्स झुरत होते. १६०८ साली त्यांनी रोमला, आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहिले. युरोपात २४ अक्षरांचे साचे केले की भागते. इथल्या लिपीला ६०० साचे लागतात, म्हणून आजवर कोणी धजावले नाही, अशी अडचण त्यांनी त्यात मांडली आहे. जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या हे सगळे धातूत ओतायचे म्हणजे तेव्हा केवढे संकट होते, हे त्या एका आकड्यावरून समजते. देवनागरी छपाईची ती इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मराठी पुराण वाचले ते परक्या अक्षरांतून.

ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्टीफन्स यांनी आपली भाषा कशी घडवली तेही सांगितले आहे. देवाच्या गोष्टी सांगायला या देशातल्या भाषांत मराठी त्यांना योग्य वाटली. पण शुद्ध मराठी सर्वसामान्य लोकांना नीट कळत नाही, म्हणून जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द त्यांनी बाजूला ठेवले, अलीकडच्या कवींच्या रीतीने लिहिले आणि जागोजागी गोव्यातल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द पेरले. चार शतकांपूर्वीचा लेखक आपल्या वाचकाचा किती बारकाईने विचार करतो! आजही धर्म, विज्ञान किंवा कायदा सोपा करून लिहिणाऱ्याने हे पान डोळ्यांपुढे ठेवावे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, आणि ४,२९६ ओव्या. सृष्टीची उत्पत्ती, बंडखोर देवदूतांचे पतन, आदाम-एवा आणि तिथून थेट तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या यहुदी लोकांपर्यंतची कथा त्यात येते. दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वर आणि ६,६६६ ओव्या. त्यात येशूचे सगळे चरित्र आहे. इंग्रजीत याच पतनकथेवर मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’ लिहिले ते १६६७ साली. म्हणजे सैतानाचे बंड आणि स्वर्गातून झालेली त्याची हकालपट्टी महाकाव्याच्या थाटात गाण्याचे भाग्य मराठीला मिल्टनच्या इंग्रजीआधी पन्नास वर्षे लाभले.

सुरुवात कशी होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पोथीची सुरुवात नमनाने व्हायची, गणेश आणि शारदा यांना वंदन करून, हा शिरस्ता. ज्ञानेश्वरीचा आरंभ तर विश्वाच्या मूळ रूपालाच हाक घालतो. स्टीफन्स यांचेही पहिले पाऊल तसेच पडते. विश्व भरून राहिलेल्या, सर्व सामर्थ्य असलेल्या देवबापाला नमन. मग पुत्राला, मग पवित्र आत्म्याला. पुढे मरियामातेला आणि संतांना. ऐकणाऱ्याला वाटते, ही तर आपलीच पोथी. आणि त्याच क्षणी तो नकळत त्रैक्याच्या दारात उभा असतो. ख्रिस्ती धर्मातला सर्वांत दुर्बोध सिद्धान्त, एकच देव आणि तीन व्यक्ती, इथे वाद न घालता वंदनाच्या रूपात समोर येतो. पटवून देण्याआधी त्याला हात जोडले जातात. कवी धर्मशास्त्र कसे सांगतो याचा याहून नेमका नमुना मराठीत क्वचित सापडेल.

पुढचा पेच अधिक खोल होता. पोथी ऐकणाऱ्याला अवतार नवा नव्हता. राम रावणाला मारतो, कृष्ण कंसाला मारतो, नरसिंह खांब फोडून येतो. अवतार म्हणजे दुष्टांचा नाश, ही त्याची पक्की समजूत. स्टीफन्स यांच्या कथेतला देव मात्र गोठ्यात जन्मतो, सुताराच्या घरी वाढतो आणि शेवटी स्वतःच मारला जातो. शिवाय तो एकदाच येतो, पुन्हा पुन्हा येत नाही. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला स्टीफन्स कचरले नाहीत, मुक्तीची भाषाही त्यांनी इथलीच घेतली. पण अवताराच्या या एकमेवपणावर त्यांनी तडजोड केली नाही. कथेचे वळण इथले राहिले आणि मधला कणा ख्रिस्ती राहिला. मारला जाणारा देव श्रोत्याच्या हृदयात उतरावा म्हणून त्यांनी आधार घेतला करुणरसाचा. राम वनात निघाल्यावर कौसल्येसाठी ज्यांचे डोळे भरून आले होते, ते क्रूसाखाली उभ्या असलेल्या आईसाठी का रडणार नाहीत?

ही झाली कवितेची बाजू. ज्या भूमीवर ती लिहिली गेली तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सासष्टीतली देवळे १५६७ साली पाडली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० पासून बसले होते. लोकांच्या घरांतल्या पोथ्या जप्त होत होत्या. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना बोलावून घेऊन मारण्यात आले. स्टीफन्स त्या वेळी सासष्टीतच होते. हा सगळा रक्तपात त्यांनी जवळून पाहिला होता.

आणि हा काळोख ग्रंथाबाहेर राहिलेला नाही. पहिल्याच अवस्वरात एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो की, तुम्ही आमची आधीची पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्यासाठी दुसरे पुराण का करत नाही? सारा ग्रंथ म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या प्रश्नात विनंती आहे आणि तक्रारही आहे. ज्याच्या घरातून पोथी गेली त्याला पोथीवाचून करमत नाही. नवा धर्म घेतल्यावरही त्याचे कान जुन्याच सुराची वाट पाहतात. स्टीफन्स यांनी तो प्रश्न लपवला नाही, पहिल्या पानांवर ठेवला. एवढ्यासाठी तरी त्यांच्याबद्दल आदर वाटतो. त्यांच्या ओवीची गोडी आणि त्या काळाची जबरदस्ती, दोन्ही खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

त्यांच्या मागून एतियेन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर मराठीत असेच मोठे ओवीबद्ध पुराण रचले. मग १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदीचे फर्मान काढले आणि गोव्यातला हा ओघ आटत गेला. ‘क्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्याची नोंद आहे, पण त्यांतली एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांतून आणि गाणाऱ्यांच्या गळ्यातून. मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली तो पुन्हा छापला. लंडनमध्ये मार्सडेन संग्रहातले देवनागरी हस्तलिखित सापडले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा कुठे महाराष्ट्रातल्या सामान्य वाचकाला हा ग्रंथ आपल्या लिपीत मिळाला.

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती विचार मराठी साहित्यात दुसऱ्या दाराने आला. हे दार गद्याचे होते आणि त्यामागे इंग्रजी राज्यातली प्रॉटेस्टंट मिशने होती. जॉन बन्यनची रूपककथा, ज्यात पापाचे ओझे पाठीवर घेतलेला एक यात्रेकरू स्वर्गनगरीकडे चालत जातो, ती हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणली. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. विधवांचे केशवपन, त्यांची उपासमार, त्यांचा कोंडमारा हा तिचा विषय, आणि नायिका यमुनेच्या मनातली ख्रिस्तश्रद्धा हा तिचा आतला धागा. साहित्य म्हणून ती कादंबरी ठिकठिकाणी उपदेशाने जड झाली आहे. तरी मराठी कादंबरीची पहिली पायरी एका दुखऱ्या सामाजिक प्रश्नावर आणि एका ख्रिस्ती लेखकाच्या कळवळ्यावर उभी आहे, हे विसरता येत नाही.

पण आत्मा आणि देव यांच्या जवळिकीचा जो अनुभव, ज्याला गूढानुभव म्हणतात, तो या गद्यात फारसा उतरला नाही. त्यासाठी पुन्हा कवितेकडेच यावे लागते.

गूढवाद हा शब्द ऐकला की लोकांना मंत्रतंत्र आठवतात. ख्रिस्ती परंपरेत त्याचा अर्थ साधा आहे: देवाविषयी जाणून न थांबता देवाशी एक होण्याची ओढ, आणि त्या वाटेवरचा विरह. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये क्रूसाचे संत योहान नावाचे साधू होऊन गेले. १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातल्या विरोधकांनी त्यांना तोलेदो शहरात एका अंधाऱ्या खोलीत कोंडले. तिथे त्यांना कविता सुचल्या. त्यांत आत्मा ही नववधू आहे, देव हा हरवलेला वर आहे आणि ती रात्री त्याला शोधत निघाली आहे. वारकऱ्याला हे परके वाटणार नाही. ज्ञानोबांच्या विराण्या त्याने ऐकलेल्या असतात. आणि काळ पाहावा. योहान तोलेदोच्या कोठडीतून १५७८ साली निसटले, पुढच्याच वर्षी स्टीफन्स गोव्याच्या बंदरात उतरले, आणि तेव्हा मराठवाड्यात पैठणला एकनाथ महाराज हयात होते. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनी सिद्ध केली ती १५८४ साली. तिघांची कधी गाठ पडली नाही. पण देव लोकांच्या भाषेत आणावा ही तळमळ तिघांनाही होती.

ती तळमळ आणि तो विरह ख्रिस्ती होऊन पूर्ण मराठी राहिला तो नारायण वामन टिळकांच्या अभंगांत.

टिळक ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा अभ्यास, जात्याच कवी आणि एका जागी न ठरणारे. धर्माच्या शोधात बराच काळ गेला. राजनांदगावला नोकरीसाठी जात असताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. त्यातले येशूचे डोंगरावरचे प्रवचन वाचून ते हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जातीने वाळीत टाकले, आणि घरात त्याहून मोठा कल्लोळ झाला.

ख्रिस्ती झाल्यावर त्यांना जे खटकले ते चर्चमधले गाणे. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांत मराठी माणसाचा जीव रमत नाही, हे त्यांना कळत होते. अहमदनगरच्या मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन रुळले होतेच. टिळकांनी त्यात अभंगाचा प्राण घातला आणि शेकडो भजने, अभंग, पदे लिहिली. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती आजही गायिली जातात. आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. संतवाङ्मयाला ते भारतीय ख्रिस्ती माणसाचा पहिला जुना करार मानत. हा विचार त्या काळच्या मिशनऱ्यांना पचायला किती जड गेला असेल! यहुदी संदेष्ट्यांच्या बरोबरीने तुकोबांना, नामदेवांना जागा द्यायची म्हणजे देव महाराष्ट्रातही पूर्वीपासून बोलत होता, हे मान्य करणे आले.

टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त येतो तो राजा किंवा न्यायाधीश म्हणून क्वचित. तो येतो माउली होऊन, गुरुमाउली होऊन. भक्त तिचे लेकरू आहे, तिच्या कुशीत शिरणारे, रुसणारे, हट्ट करणारे. ही भाषा कुठली ते हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. याच जिल्ह्यातल्या नर्सीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या नामदेवांनी विठ्ठलाकडे असाच हट्ट धरला होता. पाडसासारखे, वासरासारखे हंबरणे त्यांच्या अभंगांत भरून आहे. नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या गुरूला पाहून चरकले, आणि जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव म्हटल्यावर निरुत्तर झाले, ही कथा इथे घरोघरी माहीत आहे. देव सर्वत्र आहे हे ज्ञान आणि देव माझी आई आहे हा हट्ट, या दोन्ही गोष्टी नामदेवांत एकत्र नांदतात. टिळकांनी हा मिलाफ उचलला आणि ख्रिस्ताच्या ठायी ठेवला.

यावर कोणी म्हणेल की टिळकांनी हिंदू रंग ख्रिस्ताला चढवला. ख्रिस्ती परंपरेचा इतिहास वेगळे सांगतो. येशूने स्वतः शुभवर्तमानात, पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा आपल्याला लावून घेतली आहे. इंग्लंडमध्ये नॉर्विच शहरात चर्चला लागून असलेल्या कोठडीत एकांतवासात राहिलेली ज्युलियन नावाची साध्वी होऊन गेली. १३७३ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, मोठ्या आजारपणात तिला क्रूसावरच्या ख्रिस्ताची दर्शने झाली. त्यांवर तिने पुढे पुस्तक लिहिले. इंग्रजीत ग्रंथ लिहिणारी ती पहिली ज्ञात स्त्री. त्या पुस्तकात तिने येशूला आई म्हटले आहे. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात, म्हणजे ज्युलियन जन्मली तेव्हा नामदेव उतारवयात होते. टिळकांनी जे केले ते ख्रिस्ती घरातल्याच एका दडपलेल्या खोलीचे दार उघडणे होते, आणि किल्ली वारकऱ्यांकडची होती.

टिळकांचा गूढानुभव नुसत्या शब्दांत राहिला नाही. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्यात संन्याशासारखे राहिले आणि ‘देवाचा दरबार’ नावाची मंडळी त्यांनी सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचा मृत्यू झाला आणि दरबार मोडला. हा प्रयोग पुरता जगायला हवा होता.

विसाव्या शतकात ख्रिस्ती प्रतिमा मराठी कवितेत चर्चच्या बाहेरही हिंडू लागल्या. नागपूरचे माणिक गोडघाटे जन्माने ख्रिस्ती नव्हते, पण त्यांनी टोपणनाव घेतले ‘ग्रेस’, आणि ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) पासून त्यांच्या दुःखाच्या कवितेत क्रूस आणि करुणा आपल्या घरच्यासारख्या वावरल्या. इकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले आणि ‘सुबोध बायबल’ लिहून तो धर्मग्रंथ आजच्या मराठीत आणला. जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मराठवाड्यातच, धाराशिवला भरले, आणि अध्यक्षपदी फादर दिब्रिटो होते. एक ख्रिस्ती धर्मगुरू त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसत होता. त्यांच्या निवडीला विरोधही झाला. गोरोबाकाकांचे तेर त्याच जिल्ह्यात आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी नामदेवांना कच्चे मडके ठरवले आणि म्हणून नामदेव विसोबांना शोधत औंढ्याला आले, असे परंपरा सांगते. त्या मातीत स्टीफन्स यांच्या वारशातला माणूस मराठीचा मान स्वीकारतो, याचा मराठवाड्याला अभिमान वाटायला हवा. दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले.

या सगळ्यात ज्याची आठवण फारच थोडी निघते तो ग्रंथ म्हणजे ‘ख्रिस्तायन’.

येशूचे समग्र चरित्र ओवीबद्ध करण्याचे काम टिळकांनी हाती घेतले होते. स्टीफन्स यांच्यानंतर तीनशे वर्षांनी पुन्हा तीच जिद्द, पुन्हा तीच ओवी. दहा-अकरा अध्याय झाले आणि टिळक गेले. काम हाती घेतले त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी.

लक्ष्मीबाई कुठून निघून इथे पोचल्या हे त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक असते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी १८६८ साली जन्मली. वडिलांच्या सोवळ्याला सीमा नव्हती; घरात येणारे मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत ते गेले होते. लहान वयात लग्न झाले, अक्षरओळख जेमतेम. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांचा संसारच कोसळला आणि काही वर्षे त्या त्याच्यापासून दूर राहिल्या. त्याच्या पाठोपाठ धर्म बदलायला त्या तयार नव्हत्या. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे एकदा मनात लख्ख झाले आणि तेव्हापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवून टाकले. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली, स्वतःच्या निर्णयाने घेतला. पाप, कृपा, सर्वांचा एक बाप हे शब्द त्यांनी पुस्तकातून उचलले नव्हते. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या प्रश्नापाशी त्यांना त्या शब्दांचा अर्थ चुकवावा किंवा पत्करावा लागला होता, आणि त्यांनी तो पत्करला.

अशा बाईने साठाहून अधिक अध्याय लिहिले, नवऱ्याने लिहिलेल्याच्या पाच-सहा पट. याच काळात त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ही लिहून होत होते, त्याचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात निघाले आणि मराठी गद्याचे ते लेणे ठरले. लोकांनी त्यांच्या गद्यावर जीव लावला, तो योग्यच आहे. पण स्वतः लक्ष्मीबाई उतारवयात, वैधव्यात, पुन्हा पुन्हा बसत होत्या त्या ओवीपाशी. ओवी ही मुळात बायकांच्या गळ्यातली, दळणाकांडणातली. स्टीफन्स यांनी ती पोथीवाचकांकडून घेतली, टिळकांनी संतांकडून. लक्ष्मीबाईंना ती कोणाकडून घ्यावी लागली नाही. ख्रिस्ताची गोष्ट त्यांच्या हाती आली तेव्हा ती गोष्ट प्रथमच एका मराठी बाईच्या श्वासाच्या मापाने चालली, आणि अभ्यासकांनी ‘ख्रिस्तायन’ उघडायचे ते मुख्यतः या कारणासाठी.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी, १९३८ साली प्रसिद्ध केले.